घरातला सर्वांत लहान पुरुष

सहा वर्षांचा मुलगा बापाच्या एका हाकेसरशी उठतो आणि आईनं चारदा सांगितलं तरी जागचा हलत नाही, असं तुमच्यासमोर घडलं तर तुम्ही त्या मुलाला काय म्हणाल?

आमच्या घरानं त्याला पुरुष म्हटलं.

आमचं घर पत्रकांचं. बाबा जरीपटका भागातल्या एका छोट्या छापखान्यात ऑफसेट मशीन चालवतात. दिवसभर लग्नपत्रिका आणि दुकानांची बिलबुकं छापायची, आणि उरलेल्या वेळात मालकाच्या परवानगीनं उरलेल्या कागदावर समाजसुधारणेची पत्रकं. मी वाचायला पत्रकांवर शिकले. बाराखडी पूर्ण व्हायच्या आधी मला ‘बंधू-भगिनींनो’ हा शब्द ओळखता येत होता. पत्रकाला बरोबर मधोमध घडी घालायला मला बाबांनी शिकवलं, आणि ते वाटताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचं हेही. घरात नियम होते. आपलं ताट आपण धुवायचं. आईला बसल्या जागी पाणी मागायचं नाही. कोणी कोणाच्या पाया पडायचं नाही. हे नियम बाहेर सांगायला आम्हाला आवडायचं.

भाऊ माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. तो अडीच वर्षांचा असताना त्याच्या पोटाची उजवी बाजू टणक लागायला लागली. शेजारच्या बायका म्हणाल्या, खाऊन-पिऊन आहे, पोट सुटलंय. आईनं आंघोळ घालताना रोज हात लावून पाहिलं आणि एक दिवस त्याला तसाच ओल्या टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात नेलं. यकृताची गाठ निघाली. लहान मुलांना होणारा कर्करोग. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आधी औषधानं गाठ लहान करायची, मग कापून काढायची, मग पुन्हा औषध.

त्या काळातलं मला जे आठवतं ते असं, की मला काहीच वाटत नव्हतं. मी कॉलेजातून थेट दवाखान्यात जायचे, डबा द्यायचे, आईच्या जागी बसायचे. औषधाच्या आधी आणि नंतर सलाईन चालायचं, कारण ते औषध मूत्रपिंडांना जड. आई त्याची लघवी मापात धरून सिस्टरला दाखवायची. उलट्या. तोंडात फोड. घरी फोडणीचा वास त्याला चालेना, म्हणून आम्ही सगळेच कितीतरी दिवस वरण-भात बिनफोडणीचा खात होतो. केस उशीवर राहिले, मग उशीवरही राहायला उरले नाहीत. या सगळ्याला मी ‘हे असं असतं’ असं म्हणायला शिकले होते. कोणी विचारलं तर मी तेच म्हणायचे.

काय काय होऊ शकतं ते डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. एकेक गोष्ट, आमच्याकडे बघत, घाई न करता. त्यात कानांचंही होतं. ‘या औषधानं ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो, मधून मधून तपासावं लागेल.’ औषधाचं नाव सिस्प्लॅटिन. पहिली तपासणी झाली. त्याला झोपवून कपाळाला आणि कानामागं तारा लावल्या, आणि कान उत्तम आहेत असं निघालं. पुढच्या वेळी त्याला ताप होता. त्याच्या पुढच्या वेळी तो झोपेचं औषध घेऊनही झोपला नाही. नंतर ऑपरेशन आलं, आणि ऑपरेशनपुढे कान कोणाला आठवतात?

गाठ निघाली. रक्तातला जो आकडा गाठ असली की वाढतो, तो खाली आला आणि खालीच राहिला. त्यानंतर आमचं घर त्या एका आकड्यावर जगायला लागलं. रक्त द्यायच्या आदल्या दिवसापासून कोणी मोठ्यानं बोलायचं नाही, आणि आकडा बरोबर आला की बाबा येताना संत्रा बर्फी आणायचे. औषध चालू असताना गल्लीतल्या काही घरांनी आपली मुलं आमच्याकडे पाठवणं बंद केलं होतं. तेव्हा बाबांनी पत्रक काढलं होतं, की हा आजार स्पर्शानं होत नाही, मुलांना खेळू द्या. आता त्यांनी दुसरं काढलं. ‘आमचा मुलगा पूर्ण बरा झाला आहे.’ मोठा टाइप, खाली उद्गारचिन्ह. मी स्वतः घड्या घातल्या आणि गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत वाटलं. एका म्हाताऱ्या आजोबांनी ते डोळ्यांना लावलं.

मग तो शाळेत गेला आणि तक्रारी सुरू झाल्या.

बाईंचं म्हणणं, लक्ष नसतं. एका जागी बसतो, दंगा नाही, पण सांगितलेलं करत नाही. वह्या काढा म्हटलं की सगळे काढतात, हा शेजारच्याकडे पाहून काढतो. माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत राहतो. उद्धटपणा म्हणावा तर हसतो. शाळेचा व्हॅनवाला काका मात्र म्हणायचा, पोट्टा एकदम शिस्तीचा आहे, मी ‘चल बे’ म्हटलं की चढला. कवायतीच्या सरांचीही तक्रार नव्हती. घरी तेच. बाबांना मशीनच्या आवाजात बोलायची सवय, त्यांचा आवाज छातीतून येतो आणि गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जातो. त्यांनी बोलावलं की तो हातातलं टाकून यायचा. आई शिवणयंत्रावर वाकून, तोंडात टाचणी धरल्यासारखं हळू बोलते. तिनं बोलावलं की तो खेळत राहायचा.

टीव्हीच्या अगदी जवळ बसतो म्हणून बाबांनी त्याचे डोळे तपासून आणले. डोळे उत्तम होते.

हे सगळं एका ओळीत मांडून दाखवलं आत्यानं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती सक्करदऱ्याला राहते, बायकांचं मंडळ चालवते आणि कोणाच्याही घरात शिरून दहा मिनिटांत त्या घरातलं वाकडं काय ते शोधते. तिला मी लहानपणापासून मानत आलेय. त्या दिवशी आई चार वेळा म्हणाली होती की पाट घे, जेवायला बस. बाबा आतून एकदाच म्हणाले, तर हा पाटावर.

‘‘पाहिलं का दादा?’’ आत्या म्हणाली. ‘‘तुह्या आवाजानं टुणकन उठला. वहिनी केव्हाची कोकलून राहिली, तं हा बसला होता नवाबासारखा.’’

‘‘मी कोकलत नाही वं बाई,’’ आई म्हणाली. ‘‘माहा आवाजच बारीक आहे.’’

‘‘तेच तं. बारीक आवाजाले किंमतच नाही या घरात. शाळेत बाईचं नाही करत, सरचं करतो. व्हॅनवाल्याचं करतो. बाप्या माणसानं म्हटलं की हुकूम, बाईनं म्हटलं की वारा. दुनियेले शिकवून राहिला तू, अन् तुह्याच घरात तयार होऊन राहिला एक पुरुष.’’

‘‘लहान आहे तो,’’ बाबा म्हणाले.

‘‘लहान आहे म्हणूनच सांगून राहिली मी. मोठा झाल्यावर कोणतं पत्रक वाटशील त्याले?’’

भाऊ आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहत होता. मग हसला. काही कळलं नाही की तो हसायचा.

‘‘अन् वरून हसून राहिला,’’ आत्या म्हणाली.

बाबा धड जेवले नाहीत. बाबांना कोणी खोटं ठरवलेलं चालतं, ढोंगी ठरवलेलं चालत नाही. ताट धुऊन ते बाहेर आले आणि सभेत ठराव मांडावा तसं त्यांनी आईकडे हात करून सांगितलं. आजपासून हिनं सांगितलेलं या घरात कोणीही दुसऱ्यांदा सांगायचं नाही. बाई एकदा बोलली म्हणजे बोलली. तिच्या शब्दावर पुरुषाचा शिक्का कशाला पाहिजे?

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. वाक्य म्हणून ते अजूनही चांगलंच आहे.

तर अशा रीतीनं, आमच्या घरातला जो एक आवाज त्याला नीट पोचत होता, तो आम्ही तत्त्वासाठी बंद केला. नियम कडक पाळला गेला. आई दारात उभी राहून म्हणायची, चप्पल घाल, उशीर होतो. तो आईकडे पाहायचा, मग बाबांकडे. बाबा ओठ मिटून भिंतीकडे पाहायचे. मग माझ्याकडे. मी पुस्तकात. काही मुलं अशा वेळी रडतील. हा आईच्या हातात काय आहे, पायात काय आहे ते पाहायचा आणि त्यावरून जमेल तो अंदाज बांधायचा. तिच्या हातात पिशवी दिसली तर चप्पल घालायचा. पिशवी नसली तर उभाच. अंदाज बरोबर आला की आम्ही म्हणायचो, बघा, सुधारतोय. चुकला की त्याच्याशी काही वेळ अबोला. हळूहळू तो स्वतःही कमी बोलायला लागला. जे बोलायचा त्यातली काही अक्षरं गळालेली असायची. पुढचे दात पडलेत म्हणून, असं आम्ही म्हणालो.

आईचं म्हणणं वेगळं होतं आणि तिनं ते सभेत मांडलं नव्हतं. एकदा फॉल लावता लावता, यंत्र न थांबवता ती मला म्हणाली, ‘‘पुरुषबिरुष काही नाही वं. त्याले माहा राग आहे.’’

‘‘काहून?’’

‘‘दवाखान्यात सुई टोचताना हात कोण धरत होतं? मीच ना. तुहे बाबा तं बाहेर जाऊन उभे राहत. सिस्टर म्हणे, आई, घट्ट धरा, की मी धरे. तो माह्याकडेच पाहे. त्याच्या डोक्शात टोचणारी मीच आहे.’’

मी साडीचं खाली लोळणारं टोक उचलून धरलं.

‘‘जगला ना पण,’’ आई म्हणाली. ‘‘ठेव म्हणा राग. जन्मभर ठेव.’’ आणि तिनं साडी फिरवून दुसरी कड घेतली.

उन्हाळ्यात आमच्या घरात कोणीच कोणाशी हळू बोलत नाही. कूलर दुपारभर घरघरत असतो आणि सगळे त्याच्यावर ओरडून बोलतात. मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली आणि कूलर थांबला. भिंतींतून उष्णता यायला लागली. भावाचं अंग आईला नेहमीपेक्षा जास्त गरम लागलं. आमच्या घरात ताप या शब्दावर अजूनही सगळी कामं थांबतात. उपचारांच्या दिवसांत ताप आला की घरी काही न देता सरळ दवाखाना गाठायचा हे आम्हाला पाठ होतं, आणि ते पाठांतर सुटलेलं नाही. आईनं त्याच्या काखेत थर्मामीटर ठेवला. हा डिजिटल, मापून झालं की टीं टीं करणारा. उपचारांच्या काळात हे काम तो स्वतः करायचा. टीं टीं झालं की काखेतून ओढून काढायचा आणि सगळ्या वॉर्डाला कळेल असं ओरडायचा, ‘‘झालं!’’

घरात इतकी शांतता बऱ्याच दिवसांत नव्हती. थर्मामीटर वाजला. स्वच्छ, बारीक. तो तसाच बसून राहिला, हात अंगाशी घट्ट धरून. थर्मामीटर वाजून वाजून थांबला. तो वाट पाहत होता. थोड्या वेळानं त्यानं समोर बसलेल्या बाबांना विचारलं, ‘‘झालं का?’’

बाबांनी नियमाप्रमाणे ओठ मिटून आईकडे बोट दाखवलं. त्यानं मान वळवली आणि आईच्या तोंडाकडे पाहिलं.

मी थर्मामीटर काढला. ताप थोडासाच होता. मी तो बंद करून पुन्हा सुरू केला आणि त्याच्या डोक्यामागे धरला. सुरू होताना तो एकदा वाजतो. भाऊ माझ्याकडे वळला नाही. पुन्हा केलं. मग मी टाळी वाजवली, तर त्यानं दचकून मागे पाहिलं.

आईच्या लक्षात आलं होतं. ती उठली आणि त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. ती साडीला हात पुसत राहिली.

‘‘पिल्लू,’’ ती म्हणाली.

तो माझा चेहरा पाहून हसत होता.

‘‘पिल्लू. ए पिल्लू.’’

बाबा उभे राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, आणि न बोलायची इतकी सवय झाली होती की तोंड उघडून ते तसेच राहिले. मग वीज आली, कूलर सुरू झाला, आणि त्यानंतर त्या खोलीत काही तपासता आलं नाही.

ऐकण्याची तपासणी करणाऱ्या मुलीचं वय माझ्याएवढंच असेल. तिनं त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले आणि हातात मणी दिले. आवाज आला की एक मणी डब्यात टाकायचा. आम्ही काचेबाहेर. सुरुवातीला मणी भराभर पडत गेले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ती आवाज बारीक करत गेली, म्हणजे उंच पट्टीतला, आणि भावाचा हात मणी धरून डब्यावर थांबला. त्याला खेळ आवडला होता. तो मन लावून वाट पाहत होता. हाताला रग लागली तेव्हा त्यानं दुसऱ्या हाताचा टेकू दिला, पण मणी सोडला नाही.

नंतर तिनं आलेख दाखवला. डावीकडे रेघ ठीक चालते आणि पुढे उतरत जाते. जाड आवाज ऐकू येतात. बारीक नाही. बोलण्यातली स, श, फ, थ असली अक्षरं त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून कोणीतरी बोलतंय हे कळतं पण काय ते कळत नाही. हळू आवाजात बोलणारी बाई आणि लहान मुलं त्याला सगळ्यात अवघड. ‘‘हा ओठ पाहून चालवून राहिला इतके दिवस,’’ ती म्हणाली. ‘‘हुशार आहे खूप.’’

बाबांनी विचारलं, ‘‘औषध चुकलं का?’’

‘‘नाही. त्या औषधानंच तो इथं बसलेला आहे. पण त्याच औषधानं कानाच्या आतल्या बारीक पेशी जातात. त्या परत येत नाहीत. कधी उपचार चालू असतानाच जातात, कधी संपल्यावरही ऐकणं कमी होत जातं. म्हणून तपासत राहायचं असतं.’’ ती रागावली नव्हती. ‘‘ऐकायचं मशीन लावू. बोलण्याचा सरावही करावा लागेल. भाषा शिकायचं हेच वय आहे, यातलं काही भरून निघेल, काही नाही.’’

बाहेर बाकावर आई बसली. शेजारी कोणी अनोळखी बाई होती, मांडीवर तपासणीचे कागद घेऊन. आई तिला म्हणाली, ‘‘माह्या पोराले ऐकू येत नाही.’’ आणि हसली. खरोखर हसली, सगळ्या चेहऱ्यानं. ती बाई थोडी सरकून बसली. आई माझ्याकडे वळली. ‘‘राग नव्हता वं त्याले. ऐकूच येत नव्हतं.’’

मला राग लवकर येतो असं सगळे म्हणतात. तेव्हा यायला हवा होता, कोणावर तरी. मी भिंतीवरच्या पाण्याच्या मशीनकडे पाहत होते. त्यातून थेंब थेंब पाणी खालच्या ताटलीत पडत होतं. राग, रडू, काहीच आलं नाही.

आता त्याच्या दोन्ही कानांत मशीन आहे. पहिल्या दिवशी कुकरच्या शिट्टीनं तो पलंगाखाली गेला. मिक्सर लागला की तो अजूनही मशीन काढून खिशात ठेवतो. शाळेत पहिल्या बाकावर बसतो, आणि बाई आता फळ्याकडे पाठ करून बोलतात. स अजून नीट येत नाही. आत्या आली तेव्हा तिनं त्याला जवळ घेऊन दोन्ही कानांतली मशीन पाहिली. मग म्हणाली, ‘‘मी त्याले पुरुष म्हटलं वं वहिनी.’’

‘‘तुम्ही एकट्यानं नाही म्हटलं,’’ आई म्हणाली. ‘‘बसा, चहा ठेवते. अन् जोरात बोला जरा, नवाब ऐकून राहिला.’’

बाबांनी नियम मागे घेतल्याचं कधी जाहीर केलं नाही. ते फक्त पुन्हा बोलायला लागले. आई काही म्हणाली आणि त्याला कळलं नाही की ते पुन्हा सांगतात, त्याच्यासमोर उकिडवे बसून, चेहरा उजेडात धरून.

या सगळ्यात कोणी खोटं बोललं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आम्ही वाचणारी माणसं होतो. पण कर्करोगातून मूल वाचलं की सगळे एका शब्दावर येऊन थांबतात, बरा झाला, आणि पुढचं विचारणं म्हणजे नशिबाशी भांडणं वाटतं. ते भांडण नाही. ज्या औषधांनी ही मुलं जगतात त्यांतली काही कानांवर, काही हृदयावर, काही मूत्रपिंडांवर, काही वाढीवर आणि अभ्यासावर उशिरा खुणा सोडतात. मूल मोठं होत असताना त्या खुणांना आपण आळस म्हणतो, हट्ट म्हणतो. आमच्यासारखे शिकलेले असलो तर आणखी मोठा शब्द वापरतो.

तुमच्या घरात, वर्गात, गल्लीत असं मूल असेल. या आठवड्यात त्याच्या आईबापांना विचारा, की उपचारांत कोणती औषधं दिली होती, आणि कान शेवटचे कधी तपासले. त्यांना आठवलं नाही तर सल्ला देऊन घरी येऊ नका. त्यांच्यासोबत दवाखान्यात जा, आणि तपासणी होईपर्यंत तिथंच बसा.